आधी इदाल्गो खायचा

इदाल्गोएवढा भित्रा माणूस इटलीतल्या आमच्या अख्ख्या लुक्का गावात दुसरा नव्हता, आणि हे मी कुणाच्या सांगण्यावरून बोलत नाही. बावीस वर्षं मी त्याच्या खानावळीत भाज्या चिरल्या, पीठ मळलं, भांडी घासली. माणूस कळायला तेवढं पुष्कळ झालं.

वाऱ्याला तो घाबरायचा. वादळवाऱ्याला नव्हे हो! दोन खिडक्या समोरासमोर उघडल्या की जी झुळूक येते ना, तिला. घामेजल्या मानेवर ती लागली की माणूस अंथरूण धरतो, असं त्याच्या आईनं त्याला सांगितलेलं. आमच्याकडे सगळ्यांच्याच आया हे सांगतात, पण जून महिन्यात चुलीसमोर उभं राहून गळ्याला लोकरी रुमाल गुंडाळणारा हा एकटाच. सतरा आकडा आमच्याकडे अशुभ, त्याला घाबरायचा. खानावळीत सोळा नंबरच्या टेबलानंतर एकदम अठरा. पलंगावर कुणी टोपी टाकली तर ओरडायचा, कारण पलंगावर टोपी ठेवतो तो मरणाऱ्याच्या घरी आलेला पाद्री. आणि जेवणानंतर एखाद्या पाहुणीनं दूध घातलेली कॉफी मागितली, की आत येऊन मला विचारायचा, "नोर्मा, तिच्या पोटात आता दही होणार. देऊ का नको?"

"दे रे बाबा. तिच्या देशात रोज पितात."

"आणि मेली म्हणजे?"

"मेली तर गावाच्या भिंतीवरून खाली ढकलून देऊ. जा आता, रस्सा उतू चाललाय."

असे टोमणे मी त्याला दिवसभर मारायची. त्याला 'मालक' म्हणायची तेसुद्धा टोमण्यातच. त्याची बायको लोरियाना बाहेरची टेबलं सांभाळायची, तीही काही कमी नव्हती. "लग्नात अंगठी घालताना ह्याचा हात असा थरथरत होता," ती पाहुण्यांना सांगायची, "की पाद्र्यानं विचारलं, बाळा, तुला कुणी जबरदस्तीनं तर नाही ना आणलं?" इदाल्गो नुसता हसायचा. त्याला राग म्हणून यायचाच नाही. मला ते जास्त खुपायचं.

सगळ्यात मोठी भीती मात्र अळंब्यांची. सप्टेंबरात वरच्या डोंगरांतून, चेस्टनटच्या रानातून अळंबी यायला लागतात. त्यात मानाचं ते ओवोलो, म्हणजे अंडं. पांढऱ्या पापुद्र्यात मिटलेलं, हुबेहूब कोंबडीचं अंडं. कोवळं असतानाच त्याच्या पातळ चकत्या करायच्या, कच्च्याच खायच्या, वर ऑलिव्हचं तेल, मीठ आणि चीजचे पापुद्रे. पण त्याच रानात, त्याच झाडांखाली तिन्योझा नावाची दुसरी जात उगवते, आणि लहानपणी तीही तशीच अंड्यात मिटलेली असते. ती पोटात गेली तर पहिले सात-आठ तास काहीसुद्धा होत नाही. मग होतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. बाहेरून दोघींत फरक नाही. अंडं उभं चिरलं की कळतं: आत पिवळी रेघ दिसली तर खायचं, पांढरं किंवा हिरवट दिसलं तर फेकून द्यायचं आणि सुरी उकळत्या पाण्यात धुवायची. म्हणून मिटलेली अंडी तोडायला सरकारनं बंदी केली आहे, आणि म्हणून ती टोपलीत तळाशी लपून येतात.

इदाल्गो प्रत्येक टोपली आरोग्य कचेरीत नेऊन दाखवायचा. तिथला अळंब्यांचा जाणकार बघून चिठ्ठी देतो, फुकट. लपूनछपून आलेली अंडी सरकारी माणसासमोर ठेवायची म्हणजे बोलणी आलीच, तर हा बोलणीही खायचा आणि कधी अर्धी टोपली तिथेच सोडून यायचा. चिठ्ठी आणली तरी ह्याचं समाधान नाही. मग खिडकीपाशी उभा राहून प्रत्येक अंडं स्वतः चिरायचा, उजेडात धरायचा, रेघ बघायचा. आणि एवढं करून पहिली ताटली स्वतः खायचा, पाहुण्यांच्या आधी. त्याची आई तसं करायची म्हणे.

"आठ तासांनी चढणारं विष," मी एकदा म्हटलं, "तू बाराला खाऊन एक वाजता तुला काय डोंबल कळणार?"

"काही कळणार नाही," तो म्हणाला. "पण पाहुण्याला एकट्याला तरी जावं लागणार नाही."

मी कपाळाला हात लावला होता.

त्या वर्षी तेरा सप्टेंबर रविवारी आला. सांता क्रोचेच्या, म्हणजे पवित्र क्रुसाच्या सणाची आदली संध्याकाळ. त्या दिवशी सगळ्या गावाच्या खिडक्यांवर काचेच्या पेल्यांत मेणबत्त्या लागतात, विजेचे दिवे बंद होतात, आणि सान फ्रेदियानोच्या चर्चपासून कॅथेड्रलपर्यंत मिरवणूक जाते. गावात पाय ठेवायला जागा नसते. सकाळी नऊलाच लोरियानाचा भाऊ दुइलियो डोंगरातून टोपली घेऊन उतरला. वर रुंद छत्र्यांची अळंबी, आणि फर्नची पानं बाजूला केली तर खाली सात अंडी.

"आज नको," इदाल्गो म्हणाला. "रविवार आहे, कचेरी बंद. उद्या सणाची सुट्टी. मंगळवारी दाखवतो आणि मग..."

"मंगळवारी काय, माती खाणार आहेस? अंडं आजच्या आज खायचं असतं." दुइलियो खो खो हसला. "पन्नास वर्षं तोडतोय मी. आजवर कुणी मेलं? सांग की, कुणी मेलं?"

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं, हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा मीसुद्धा त्याचीच री ओढली. "घे रे मालक. सणासुदीला तुझ्या भीतीपायी लोकांनी कोबी खायचा का?"

"घेतो," तो शेवटी म्हणाला. "पण प्रत्येक अंडं मी चिरणार."

लोरियाना अकरालाच घरी गेली. त्यांच्या घराला रस्त्याकडच्या सहा खिडक्या, प्रत्येकीत पेले मांडायचे होते. बाहेर वाढायला इदाल्गो, आत चुलीलाही इदाल्गो, आणि मागच्या अंगणात अंजिराच्या झाडाखाली मी, सकाळी सहापासून उभी. ससा शिजत होता, गव्हाची दाट आमटी खाली लागत होती, आणि तो दर पाच मिनिटांनी दारातून डोकावून सांगत होता, "नोर्मा, अंडी तशीच ठेव हं. मी येतो." तो काही येत नव्हता. माझे पाय ठणकत होते. मला वाटलं, बावीस वर्षांत एकदा तरी ह्याच्या भीतीची पूजा न करता एक काम हातावेगळं करू द्या की मला! मी पहिली दोन अंडी उभी चिरली. आत पिवळीधमक रेघ. उरलेली मी न चिरता सरळ आडवी धरून किसणीवर भराभर चकत्या पाडल्या, पापुद्र्यासकट, न बघता. सातवं अर्धं झालं तेव्हा ताटल्या भरल्या, चकत्या झाकून जातील इतके चीजचे पापुद्रे मी वर पसरले, आणि उरलेलं अर्धं तसंच पाटावर राहिलं.

"चिरलीस तू?" तो दारात उभा होता. "सगळ्यांत रेघ बघितलीस?"

"बघितली रे! सगळ्यांत बघितली. आता आंधळी समजतोस का मला?"

त्यानं फडक्याला हात पुसले. मग म्हणाला, "नाही गं, तसं नाही." त्यानं पहिली ताटली उचलली आणि उभ्या-उभ्या सगळी खाल्ली. सव्वाबारा वाजले होते.

बाकीच्या दोन ताटल्या त्यानं डेन्मार्कहून आलेल्या एका जोडप्याला वाढल्या. फळ्यावर न लिहिलेला पदार्थ तो आवडत्या पाहुण्यांनाच द्यायचा, आणि ही दोघं त्याला आल्या आल्या आवडली. साठी उलटलेली, बाईंनी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवलेली, आठ दिवस आमच्या गावात फक्त चित्रं, पुतळे बघायला आणि खायला आलेली. मी काही बाहेर गेले नाही. इदाल्गोच आत येऊन सांगत होता, "नोर्मा, त्यांचं नाव बिर्टे आणि नवऱ्याचं हेनिंग. बाई म्हणाली, आठ दिवसांतली ही सगळ्यात चांगली ताटली. आता कॅथेड्रलमध्ये जाऊन इलारियाच्या समाधीवरच्या संगमरवरी पुतळ्याचं चित्र काढणार आहे." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कौतुकानंही घाबरायचा बिचारा.

तीन वाजता शेवटची माणसं उठली आणि तो कचरा आवरायला अंगणात आला. मी पाय पसरून बसले होते. पाटाजवळ तो वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"नोर्मा, हे काय आहे?"

त्यानं ते अर्धं अंडं उजेडात धरलं. मला बसल्या जागेवरून दिसलं. आत सगळं पांढरं, आणि वरच्या कडेला कच्च्या बदामासारखा हिरवट रंग.

"रेघ कुठंय?"

मी उठून उभी राहिले.

"तू म्हणालीस, सगळ्यांत बघितली."

"दोन बघितली होती," मी म्हटलं.

मला वाटलं, आता हा माझा गळा धरेल. धरायला हवा होता. तो खोक्यावर बसला, आणि त्याच्या हातातून ते अंडं खाली पडून दगडावर फुटलं. मग त्यानं ते तुकडे गोळा केले, कचऱ्यातून सगळी देठं, सगळे पापुद्रे वेचून कागदी पिशवीत भरले आणि हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडची डॉक्टरीण इतकी मोठ्यानं बोलत होती की मला शब्द न् शब्द ऐकू आला. "किती जणांनी खाल्लं? किती का असेनात. सगळे आत्ता इकडे. त्रास सुरू व्हायची वाट बघू नका, तोपर्यंत यकृत गेलेलं असतं. एकेक तास मोलाचा आहे, ऐकताय ना?"

तेवढ्यात लोरियाना आली, हातात रिकाम्या पेल्यांची टोपली. पाहुण्यांच्या पोटात तिन्योझा गेली, एवढंच इदाल्गोनं तिला सांगितलं, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "तू खाल्लंस?"

"नाही," इदाल्गो म्हणाला. "आज गडबडीत राहूनच गेलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. मी 'खरंय' अशी मान हलवली. काय सांगू तुम्हाला, मान आपोआप हलली. तिनं छातीवर क्रूस काढला आणि पिशवी घेऊन ती टॅक्सीनं हॉस्पिटलला गेली.

ती गेल्यावर मी त्याच्या अंगावर धावले. "वेडा झालास का? तू पण जा! त्या दोघांना मी शोधते."

"तू त्यांचे चेहरे बघितलेस?"

नव्हते बघितले. गावात फक्त एका माणसानं बघितले होते, आणि त्याच्या पोटात तीन तासांपासून विष होतं.

त्या दुपारनंतर मी भीती म्हणजे काय ते शिकले. ती हातापायांत येते हे मला ठाऊक नव्हतं. पुढे इदाल्गो, मागे मी, आणि रस्ते माणसांनी फुललेले. प्रत्येक पांढऱ्या केसांच्या बाईला तो समोर जाऊन बघायचा. चौकातल्या पोलिसाला सांगितलं, तर तो म्हणाला, "साठीचं जोडपं, पांढरे केस, परदेशी? अहो काका, आज गावात निम्मे तसलेच आहेत." पण त्यानं पुढे निरोप दिला, आमच्यासमोर दिला.

कॅथेड्रलमध्ये सोन्याचा मुकुट आणि मखमल चढवलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीच्या दर्शनाला रांग लागली होती. आम्ही घुसलो. लोकांनी शिव्या दिल्या. इलारियाच्या दालनाला कुलूप.

"ती वही घेतलेली बाई?" राखणदार म्हणाला. "तासभर बसली होती. इलारिया सोडून तिच्या पायाशी कोरलेल्या कुत्र्याचंच चित्र काढत होती. मी बंद करायला लागलो तर रागावली माझ्यावर."

"कुठे गेली?"

"नवऱ्याला टॉवर बघायचा होता. झाडंवाला."

झाडंवाला टॉवर म्हणजे ग्विनिजींचा, माथ्यावर ओकची झाडं असलेला. दोनशेच्या वर पायऱ्या. इदाल्गो त्याच्यापासून तीन गल्ल्यांवर जन्मला, पण साठ वर्षांत एकदाही वर चढला नव्हता. त्या दिवशी चढला. भिंतीला गाल घासत, डोळे गच्च मिटून, एकेका पायरीवर "आई गं, आई गं" करत. शेवटी लोखंडी जिना होता, त्यातून खालचं आरपार दिसतं. तिथे तो रडला. मी मागून ढकललं नाही, मला धीरच झाला नाही. माथ्यावर पोचल्यावर त्यानं डोळे उघडले आणि एकेका माणसासमोर उभा राहून बघितलं. ती दोघं तिथे नव्हती.

उतरताना तो मधेच बसला. पाच वाजत आले होते.

"नोर्मा, माझ्या पोटात ढवळतंय. हे ते आहे का नुसती भीती, मला कळत नाही गं."

"चल, हॉस्पिटलात चल. पाया पडते तुझ्या."

"जन्मभर भीतीनं असंच ढवळत आलंय," तो म्हणाला. "म्हणजे भीतीच असेल."

तिथे जिन्यातच लोरियानाचा फोन आला. ती रडत होती. घरून बोलावून आणलेल्या जाणकारानं देठं तपासली होती. सातापैकी तीन तिन्योझाची. "सापडली का ती दोघं? शोध रे त्यांना! देवाची कृपा इदाल्गो, की तू खाल्लं नाहीस." त्यानं "हो" म्हटलं आणि फोन खिशात टाकला. त्यानंतर तो रुमालानं तोंड पुसत राहिला, बराच वेळ.

मग भिंतीवर गेलो. आमच्या गावाभोवतीची भिंत रुंद आहे, वर झाडं, बाकं, सायकली. तिच्यावर अर्धी फेरी मारली. मग अँफिथिएटरचा गोल चौक, मग आइस्क्रीमची दुकानं. साडेसहाला सान फ्रेदियानोसमोर आलो. मिरवणुकीची माणसं तिथे जमत होती, वाद्यवाले, गावोगावचे पाद्री, पांढऱ्या झग्यांतली मंडळं, आणि पायऱ्यांवर माईक घेऊन एक तरुण पाद्री कोण कुणाच्या मागे उभं राहायचं ते सांगत होता. इदाल्गो त्या माईककडे बघत उभा राहिला. त्याच्या मनात काय आलंय ते मला कळलं आणि मी त्याचा हात धरला.

"इदाल्गो, नको. अख्खं गाव आहे समोर. उद्यापासून तुझ्या दारात कुत्रं फिरकणार नाही. पोलीस शोधतायत ना?"

हा तो माणूस, ज्याला स्वतःच्या आईच्या अंत्यविधीला बायबलातल्या चार ओळी वाचता आल्या नव्हत्या. तो पायऱ्या चढला. पाद्र्याच्या कानात काहीतरी बोलला, आणि पाद्र्याचा चेहरा पडला.

"मी इदाल्गो लेंचोनी," तो माईकमध्ये म्हणाला. आवाज चिरकला, पण पुढे गेला. "माझी खानावळ तुम्हाला माहीत आहे. आज दुपारी मी दोन पाहुण्यांना तिन्योझा वाढली. कच्ची. ती मरतील. बाईंचे केस पांढरे, छोटे कापलेले, हातात चित्रांची मोठी वही. नवरा उंच, निळा सदरा. त्यांना माहीत नाही. कुणी बघितलं असेल तर सांगा. हात जोडतो, सांगा."

चौकात एवढी माणसं होती आणि वाद्यवाल्याच्या हातातली झांज जमिनीला लागली ती ऐकू आली. मग कुजबुज सुरू झाली. कुणीतरी "खुनी!" असं ओरडलंसुद्धा. पण आमचं गाव लहान आहे, आणि त्या दिवशी प्रत्येक खिडकीत एक बाई उभी होती. दहा मिनिटांत एकजण फोन कानाला लावून धावत आली. "माझी बहीण फिल्लुंगो रस्त्यावर राहते, तिच्या खिडकीत पेले लावतेय. म्हणते, समोरच्या पायरीवर एक परदेशी बाई बसून तिचंच चित्र काढतेय!"

इदाल्गो पळाला. मी त्याला पळताना कधी बघितलं नव्हतं.

बिर्टे पायरीवर बसली होती. त्याला बघून ती एवढी गोड हसली की मला भिंतीत शिरावंसं वाटलं. तिनं वही त्याच्यासमोर धरली. पलीकडे हेनिंग पोट धरून वाकला होता. त्यांना वाटलं होतं, आइस्क्रीम जास्त झालं. इदाल्गोनं सांगायचा प्रयत्न केला, पण तिला आमची भाषा शाळेच्या पुस्तकापुरती यायची. तिला वाटलं, तो दुपारच्या जेवणाबद्दल काही गंमत करतोय. शेवटी त्यानं तिचं मनगट धरलं, दुसरा हात आपल्या पोटावर ठेवला आणि म्हणाला, "तुम्ही. तो. मी. तिघं. विष." तेव्हा तिचं हसू गेलं.

रुग्णवाहिका गर्दीतून वाट काढत आली. लोकांनी हातातल्या मेणबत्त्या छातीशी धरून वाट दिली. तीत चढताना इदाल्गो परिचारिकेला म्हणाला, "तिसरा मी आहे," आणि मग तिथेच त्याला पहिली उलटी झाली. सात तास झाले होते.

हॉस्पिटलात लोरियानानं त्याला स्ट्रेचरवर बघितलं. तिला एका क्षणात सगळं कळलं. तिनं दोन्ही मुठींनी त्याच्या छातीवर मारलं, "खोटारड्या, खोटारड्या," आणि परिचारिकांनी तिला ओढून बाजूला नेलं. माझ्याकडे तिनं बघितलंच नाही. माझी हललेली मान ती विसरली होती का, मला आजही ठाऊक नाही.

नऊच्या सुमारास आरोग्य खात्याचा अधिकारी आला, हातात कागद. तिघांच्या हातांत सुया, नाकात नळ्या. मी कोपऱ्यात उभी.

"अळंबी आणली कुणी?"

"मला रानात मिळाली," इदाल्गो म्हणाला. दुइलियोचं नाव त्यानं काढलं नाही.

"तपासली कुणी?"

"कुणी नाही. मी तपासायला हवी होती."

"चिरली कुणी?"

मी तोंड उघडलं, शपथेवर सांगते, उघडलं होतं.

"मी," इदाल्गो म्हणाला. त्याचा आवाज जराही हलला नाही. "दुसरं कुणी हात लावला नाही त्यांना. ही बाई भाज्या चिरते फक्त."

अधिकाऱ्यानं लिहून घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "बरोबर?"

मी म्हटलं, "हो."

तिसऱ्या दिवशी तिघंही बरी दिसत होती. उलट्या थांबल्या, इदाल्गोनं मला बघून उशी वर करायला सांगितली, खिडकी बंद आहे ना विचारलं. डॉक्टरीण मात्र हसत नव्हती. ह्या विषाचं असंच असतं म्हणाली, मधे एक दिवस चांगला जातो. लोरियाना कॉफी प्यायला खाली गेली तेव्हा मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसले.

"मी सांगणार आहे," मी म्हटलं. "त्या अधिकाऱ्याला. लोरियानाला. सगळं."

"नको."

"का नको? मी मारलं तुम्हाला!"

"हळू बोल. बिर्टेबाई झोपली आहे." त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "नोर्मा, साठ वर्षांत मी एकदाच, त्या अधिकाऱ्यासमोर, न घाबरता बोललो. तू आता ते खोटं ठरवू नकोस गं."

मी मान खाली घातली आणि बरं म्हटलं. तुम्हाला खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. त्याच्यासाठी गप्प राहतेय असं मी स्वतःला बजावलं, पण ते खोटं होतं. मला तुरुंगाची भीती वाटली, गावाची भीती वाटली, लोरियानाच्या डोळ्यांची तर सगळ्यात जास्त.

चौथ्या दिवशी तो पिवळा पडला. त्याला पिसाच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, दुसरं यकृत मिळतंय का बघू म्हणाले, पण तेवढी सवड मिळाली नाही. एकोणीस तारखेला सकाळी तो गेला. बिर्टे आणि हेनिंग वाचले. त्यांच्या ताटल्यांत विष कमी आलं होतं, आणि बिर्टेनं आपली अर्धी ताटली नवऱ्याला दिली होती, ती त्यानं तशीच ठेवली होती. ह्यानं मात्र आपली ताटली पुसून खाल्ली होती. ती दोघं आपल्या पायांनी चालत त्याच्या दफनाला आली. गावातून फार थोडी माणसं आली. माईकवर ऐकलेलं लोक विसरले नव्हते.

खानावळ बंद झाली. टोपली आपली होती हे दुइलियोला पक्कं ठाऊक होतं. तो रडत बहिणीच्या दारात आला, त्यानं टोपलीचं आणि मोतीबिंदूचं कबूल केलं, आणि तिनं दार लावून घेतलं. आज चार वर्षं ती भावाशी बोलत नाही. मी मात्र रोज जाते तिच्याकडे. बाजार आणते, सणाला तिच्या सहा खिडक्यांत पेले मांडते, कारण तिचे गुडघे आता धरलेत. ती म्हणते, नोर्मा, तू नसतीस तर मी काय केलं असतं.

परवाही पेले पुसता पुसता तिनं विचारलंच. दरवर्षी विचारते.

"एवढा भित्रा माणूस गं. प्रत्येक अंडं दहादा उजेडात धरायचा. त्याच दिवशी कसं काय चिरून बघितलं नाही त्यानं?"

"गडबड होती, लोरियाना," मी म्हटलं.

मग तिनं पेला खाली ठेवला. "माझीच चूक," ती म्हणाली. "मी घरी पेले मांडत बसले. मी खानावळीत असते तर त्याला वेळ मिळाला असता."

मी तो पेला उचलला आणि पुसायला लागले.